सात ठोंबांचा आडोसा : बागेतील पंपास गवताचे एक प्रकरण

हे प्रकरण एका निवासी बागेतील आहे. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे, ठिकाण आणि इतर खुणेचे तपशील वगळले आहेत. गवताचे वर्तन, घेतलेले निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र घडला तसाच मांडला आहे. पंपास गवताविषयी एकतर भरभरून कौतुक ऐकू येते किंवा ते मुळापासून उखडून टाकण्याचा आग्रह. प्रत्यक्ष बागेत मात्र बराचसा निकाल तीन साध्या गोष्टींवर ठरतो : रोप बियांपासून केलेले आहे की ठोंब फोडून, ते मादी आहे की परागकण देणारे, आणि तुरा कोणत्या वेळी कापला जातो. या बागेत या तिन्ही गोष्टींचा विचार लागवडीनंतर काही वर्षांनी झाला आणि पुढचा सगळा खटाटोप त्यामुळेच करावा लागला.

पार्श्वभूमी

घराच्या एका बाजूला मोकळा भूखंड होता आणि त्याच्या पलीकडे वाळू-गोट्यांच्या काठाचा एक लहान ओढा वाहत होता. निवृत्त झालेल्या पती-पत्नींना या बाजूला आडोसा हवा होता, पण भिंत नको होती; वाऱ्याबरोबर हलणारे, फार पाणी न मागणारे आणि लवकर उंच होणारे काहीतरी त्यांच्या मनात होते. या अपेक्षांना पंपास गवत चांगलेच उतरते. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे आणि चिली हा त्याचा मूळ प्रदेश. कोर्टाडेरिया सेलोआना हे त्याचे शास्त्रीय नाव. भरपूर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा मिळाला, तर ठोंब दोन-तीन वर्षांत माणसाच्या उंचीचा होतो आणि त्यावर उन्हाळा सरताना येणारे तुरे तीन मीटर किंवा त्याहूनही उंच जातात. एकदा मुळे खोल गेली की ते अवर्षण सहज सोसते, खाऱ्या वाऱ्यातही टिकते आणि त्यावर कीडरोगही फारसे येत नाहीत.

रोपवाटिकेतून त्यांनी सात लहान रोपे आणली. ती बियांपासून तयार केलेली होती आणि चिठ्ठीवर 'पंपास गवत, पांढरे' एवढेच लिहिलेले होते. जातीचे नाव नव्हते. बागेच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेपासून दोन पावलांच्या आत, एकमेकांपासून साधारण एक मीटरवर, ही रोपे एका ओळीत लावली गेली. ओळीच्या खालच्या टोकाची दोन रोपे उतारावरचे पाणी येऊन साठणाऱ्या सखल कोपऱ्यात आली.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय याच वेळी, तो निर्णय आहे हे कोणाच्या लक्षात न येता, घेतला गेला. पंपास गवतात दोन प्रकारची झाडे असतात. काही निव्वळ मादी असतात. त्यांच्या तुऱ्यातील प्रत्येक फुलावर लांब रेशमी केस असतात आणि तोच भरगच्च, मऊ तुरा आपण चित्रांत पाहतो. उरलेली झाडे रचनेने उभयलिंगी असली, तरी बहुतांशी नराचेच काम करतात. त्यांचे तुरे अरुंद, ताठ आणि कमी केसाळ असतात. बियांपासून वाढवलेल्या रोपांत दोन्ही प्रकार निघतात आणि रोप लहान असताना त्यांत फरक करता येत नाही. म्हणूनच 'सनिंगडेल सिल्व्हर' किंवा ठेंगणी 'पुमिला' अशा नावाजलेल्या जाती ठोंब फोडूनच वाढवतात, कारण मग लेकीचा तुरा आईसारखाच निघतो. बियांपासून केलेली सात रोपे एकाच ओळीत लावणे म्हणजे माद्या आणि त्यांना परागकण पुरवणारी झाडे शेजारी-शेजारी आणून ठेवणे होते. नुसता आडोसा हवा असेल तर याने काही बिघडत नाही, पण बी धरण्याच्या दृष्टीने यापेक्षा अनुकूल मांडणी सुचवणे कठीण.

समस्या कशी उलगडत गेली

पहिल्या वर्षी गवताने मुळे धरली. दुसऱ्या वर्षी ठोंब छातीएवढे झाले आणि तिसऱ्या वर्षी तुरे आले. सातांपैकी तिघांचे तुरे भरदार, चंदेरी होते, तर चौघांचे बारीक आणि काहीसे मळकट. बाईंना वाटले की त्या चौघांना खत कमी पडले असावे, म्हणून त्यांनी तिथे अधिक खत घातले. त्यामुळे पाती वाढली, तुरे होते तसेच राहिले. जिथे फरक लिंगाचा आहे तिथे खताचा उपयोग होत नाही.

त्या हंगामात तुऱ्यांचे कौतुकही खूप झाले. वाळवलेल्या तुऱ्यांची घरसजावटीत मोठी आवड निर्माण झालेली असल्याने ओळखीचे लोक तुरे मागत आणि हे दाम्पत्य आनंदाने देत असे. देताना अर्थातच पूर्ण फुललेला, केस सुटे झालेला तुरा निवडला जाई, कारण तोच सुंदर दिसतो. नेमक्या त्याच वेळी त्यातील बी पिकलेले आणि उडायला तयार असते. एका मोठ्या तुऱ्यात एक लाखापर्यंत बिया असू शकतात, प्रत्येक बी केसांच्या झुबक्यासह सुटते आणि अनुकूल वाऱ्यात कित्येक किलोमीटर जाऊ शकते. पंपास गवताच्या बाबतीत सौंदर्याचा परमोच्च क्षण आणि प्रसाराचा क्षण एकच असतो, आणि बागमालकासमोरचा खरा पेच हाच आहे.

पुढच्या वसंतात पायवाटेच्या फरशांच्या सांध्यांत, खडी पसरलेल्या जागेत आणि फुलांच्या वाफ्यात गवताची बारीक हिरवी रोपे दिसू लागली. ती साध्या तणाची समजून वरवर खुरपली गेली. शेजारच्या भूखंडावर त्याच सुमारास पायासाठी माती उकरलेली होती. उघडी, ओलसर माती आणि त्यावर थेट ऊन, अशी जागा या बीला सर्वांत मानवते; तिथे रोपांचा दाट पट्टाच उगवला. भूखंडाच्या मालकांनी घरी येऊन शांतपणे विचारले की ही रोपे तुमच्या गवताची तर नाहीत ना. तोवर दाम्पत्याच्या मनात हा प्रश्नही आला नव्हता. पानाच्या कडेवरून बोट टोकाकडून बुडाकडे हलकेच फिरवून पाहिले, तेव्हा कोवळ्या पानालाही करवतीसारखी धार लागली आणि शंका उरली नाही.

त्याच सुमारास आणखी दोन तक्रारी पुढे आल्या. पंपासच्या पात्यांच्या कडांवर सिलिकायुक्त सूक्ष्म दाते असतात, आणि पायवाट इतकी जवळ असल्यामुळे ये-जा करताना हाता-पायांवर चरे उठत. खेळायला आलेल्या एका लहान मुलाच्या तळहाताला खोल काप गेला. शिवाय ठोंबाच्या आत वाळलेल्या पात्यांचा गच्च भारा साठला होता. हे गवत जुनी पाती टाकून देत नाही. ती वाळून, रंध्याने काढलेल्या लाकडाच्या सालपटांसारखी गुंडाळत बुडाशी राहतात आणि एखादी ठिणगी पडली तर अत्यंत जलद पेटतात. ओळ घरापासून फार लांब नव्हती, त्यामुळे ही चिंता रास्त होती. सखल कोपऱ्यातील दोन ठोंब मधून पिवळे पडून सडू लागले होते, कारण अवर्षण सोसणारे हे गवत थंडीत बुडाशी साचलेले पाणी मात्र सोसत नाही.

मला सल्ल्यासाठी बोलावले गेले तेव्हा चौथ्या वर्षाचे तुरे नुकतेच पोटरीतून बाहेर पडत होते. वेळ चांगली होती, कारण त्या हंगामाचे बी अजून धरलेले नव्हते.

कायदा आधी पाहिला

कोणताही पर्याय मांडण्यापूर्वी मी त्यांना स्थानिक नियम तपासायला सांगितले. हे गवत सर्वत्र सारखे वागत नाही आणि सर्वत्र सारखेच कायदेशीरही नाही. न्यूझीलंडमध्ये त्याची विक्री, वाढ आणि वाटप यांवर बंदी आहे. दक्षिण आफ्रिकेत ते आक्रमक परदेशी वनस्पतींच्या यादीत असून जागामालकाला त्याचे नियंत्रण करावे लागते. स्पेनने २०१३ च्या राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश केला. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर रस्ते, रेल्वेमार्ग आणि औद्योगिक पडीक जागा त्याने व्यापलेल्या आहेत. त्याचे जवळचे भावंड असलेले कोर्टाडेरिया जुबाटा २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या आक्रमक प्रजातींच्या यादीत गेले. या जुबाटाची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण त्याची सगळी झाडे मादी असतात आणि परागकणांशिवायच बी धरतात. तिथे 'एकच झाड लावले आहे' या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून या बागेतील गवत नक्की सेलोआनाच आहे ना, याची खात्री आधी करून घेतली. अरुंद तुऱ्यांच्या चार झाडांवर परागकोश स्पष्ट दिसत होते, आणि जुबाटात ते असण्याचा प्रश्न नव्हता.

कॅलिफोर्नियाचा इतिहासही मी त्यांच्यापुढे ठेवला, कारण त्यात या बागेचे मोठ्या आकारातले चित्र दिसते. तिथे हे गवत १८४८ च्या सुमारास शोभेसाठी आले, आणि १८७४ पासून सांता बार्बरा परिसरात तुऱ्यांसाठी त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. पुढे १९४६ मध्ये व्हेंचुरा आणि लॉस एंजेलिस परगण्यांत सरकारी मृदासंधारण खात्याने जमिनीची धूप रोखण्यासाठी आणि कोरडवाहू चारा म्हणून त्याची लागवड केली. आज त्याच राज्यात ते किनाऱ्यावरच्या आणि उघड्या पडलेल्या जमिनींवरचे उपद्रवी तण मानले जाते. लावणाऱ्यांचा हेतू प्रत्येक वेळी चांगलाच होता.

या प्रकरणातील भागात त्या वेळी बंदी नव्हती. त्यामुळे निर्णय पूर्णपणे दाम्पत्याच्या हाती होता.

विचारात घेतलेले पर्याय

काहीच न करणे, म्हणजे दरवर्षी फक्त पाती छाटून गवत आहे तसे ठेवणे, हा पर्याय शेजारच्या भूखंडावरील रोपे पाहिल्यानंतर कोणीही फार काळ धरून ठेवला नाही. जाळण्याचा पर्याय त्यांच्या एका परिचिताने सुचवला होता. जुन्या बागकामात ठोंब पेटवून वाळकी पाती साफ करण्याची पद्धत होती खरी. परंतु त्यात आग हाताबाहेर जाण्याचा धोका असतो, ठोंबाचा गाभा होरपळतो आणि त्या उबदार भाऱ्यात आसऱ्याला आलेले लहान प्राणी जिवंत जळतात. हे मला मान्य नव्हते आणि मी तसे स्पष्ट सांगितले.

तणनाशकाचा विचार गंभीरपणे केला. ग्लायफोसेटसारख्या द्रव्याने हे गवत मारता येते, पण मोठ्या ठोंबावर वाळक्या पात्यांचे आवरण असते, त्यामुळे आधी छाटणी करून नव्या हिरव्या फुटीवरच फवारावे लागते आणि अनेकदा पुन्हाही. ओढ्यालगत तर अधिकच जपावे लागते, कारण पाण्याजवळ वापरण्यास अशी सर्वच मिश्रणे योग्य नसतात. ठोंब सातच होते आणि कुदळ-पहारीने निघण्याजोगे होते, म्हणून हा मार्ग बाजूला ठेवला.

खरी चर्चा तीन पर्यायांवर झाली. सगळे तुरे केस सुटण्यापूर्वीच दरवर्षी कापणे हा पहिला. याने झाड राहते, आडोसा राहतो आणि बी धरत नाही. नुकताच बाहेर आलेला तुरा कापून वाळवला तर तो घरात हळूहळू मोकळा होतो आणि नंतर केसही कमी झडतात, त्यामुळे फुलदाणीसाठीही हीच वेळ अधिक चांगली. यावर बाईंनी विचारले, "तुरे पूर्ण फुलायच्या आत कापायचे, तर मग हे गवत लावायचेच कशाला?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सोयीचे उत्तर नाही. ज्याला बागेत उभा तुरा शरदापासून हिवाळ्यापर्यंत पाहायचा आहे, त्याला हा पर्याय दरवर्षी नकोसा वाटणार, आणि नकोसे वाटणारे काम एखाद्या वर्षी राहून जाणार. एका वर्षाचा चुकारपणा पुरेसा असतो.

दुसरा पर्याय असा की परागकण देणारी चार झाडे काढायची आणि माद्या ठेवायच्या. मादी एकटी असेल आणि परागकण तिच्यापर्यंत पोहोचले नाहीत, तर तुरा कितीही भरदार असला तरी त्यात उगवणारे बी नसते. यात सौंदर्य टिकते आणि धोका कमी होतो, म्हणून दाम्पत्याला हाच पर्याय भावला. परंतु या गवताचे परागकण वाऱ्याने वाहतात, आणि आसपासच्या कोणत्या बागेत कोणते झाड आहे यावर आपला ताबा नसतो. तिसरा पर्याय सर्व ठोंब काढून जागी दुसरे काही लावण्याचा होता.

माझा कल तिसऱ्याकडे होता, कारण ओढा इतका जवळ होता की तिथे उतरलेले बी पाण्याबरोबरही पुढे जाऊ शकले असते. तरीही मी त्याचा आग्रह धरला नाही. दुसऱ्या पर्यायातील गृहीतक तपासून पाहता येण्याजोगे होते, आणि तपासणीच्या काळात धोका वाढणार नाही याची व्यवस्था करणे शक्य होते. ज्याची बाग आहे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेली गोष्ट सल्लागाराच्या शब्दापेक्षा जास्त पटते आणि जास्त टिकते.

केलेली कार्यवाही

त्या हंगामात प्रथम सर्व सातही ठोंबांचे तुरे कापले. वारा पडलेली दमट सकाळ निवडली, जे एक-दोन तुरे थोडे सुटू लागले होते त्यांवर पाण्याचा फवारा मारून केस चिकटवले, आणि कापलेला प्रत्येक तुरा तिथल्या तिथे पिशवीत घालून पिशवी बांधली. कापलेले तुरे खतखड्ड्यात टाकले नाहीत.

लहान रोपांचे काम त्यानंतर, पाऊस पडून माती मऊ झाल्यावर हाती घेतले. या गवताचे एक-दोन हंगामांचे रोप ओल्या मातीतून मुळासकट सहज निघते. वरून खुरपले तर बुडखा राहतो आणि पुन्हा फुटतो, जे आदल्या वर्षी पायवाटेच्या सांध्यांत घडले होते. शेजारच्या भूखंडावर मालकांच्या संमतीने दोन्ही कुटुंबांनी मिळून काम केले. याचा एक चांगला परिणाम असा झाला की तक्रारीचे रूपांतर सामाईक कामात झाले आणि पुढच्या पाहण्यांसाठी शेजाऱ्यांची नजरही मिळाली.

ओढ्याच्या काठावर मात्र सावधगिरी बाळगली. तिथे स्थानिक गवतेही होती आणि घाईत भलतेच उपटले जाण्याची शक्यता होती. न्यूझीलंडमध्ये हीच अडचण मोठ्या प्रमाणावर येते : तिथले मूळ तोएतोए गवत पंपाससारखेच दिसते, इतके की ते पूर्वी कोर्टाडेरिया याच प्रजातीगटात धरले जाई आणि नंतर त्याला ऑस्ट्रोडेरिया असे वेगळे स्थान देण्यात आले. तिथे ओळखीसाठी वापरली जाणारी एक खूण, म्हणजे पंपासची वाळकी पाती बुडाशी गुंडाळतात आणि तोएतोएची गुंडाळत नाहीत, वाढलेल्या झाडांपुरती उपयोगी आहे. कोवळ्या रोपांत ती दिसत नाही. म्हणून काठावरची शंकास्पद रोपे खुणेच्या काड्या लावून आणखी एक हंगाम वाढू दिली आणि ओळख पटल्यावरच काढली.

हिवाळा संपता संपता मोठे काम झाले. प्रत्येक ठोंबाला कमरेच्या उंचीवर दोरीने घट्ट आवळले, काठीने आत ढोसून कोणी प्राणी दडलेला नाही याची खात्री केली आणि मग जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटरवर पाती कापली. दोरीमुळे सगळा भारा एकत्र राहतो आणि पाती तोंडावर येत नाहीत. कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा यांशिवाय या कामाला हात लावू नये. पात्यांचे काप हातावर उशिरा लक्षात येतात, डोळ्यांच्या बाबतीत तेवढी सवलत मिळत नाही.

नंतर परागकण देणारे चार ठोंब आणि सखल कोपऱ्यातील सडत चाललेली एक मादी असे पाच ठोंब खणून काढले. या गवताची मुळे खोलवर आणि आडवी दूरपर्यंत जातात. ती सगळी काढण्याची आवश्यकता नसते, कारण नवी फूट गाभ्यातून येते, तुटलेल्या बारीक मुळांतून नाही. म्हणून गाभा करवतीने फाका पाडून, पहारीने उचकटून पूर्ण काढणे हे महत्त्वाचे. काढलेले तुकडे मुळे वर करून उन्हात वाळवले. मातीत टेकलेला फुटव्याचा तुकडा पुन्हा रुजू शकतो, त्यामुळे ते ढिगात नुसते टाकून देणे योग्य ठरले नसते.

उरल्या दोन माद्या. त्या पायवाटेच्या वळणापासून थोड्या दूर होत्या आणि त्यांच्या पुढे वाटेच्या बाजूने एक बुटकी झुडपांची ओळ लावून हात लागण्याची शक्यता कमी केली.

तपासणी आणि तिचा निकाल

पुढच्या हंगामात दोन्ही माद्यांना उत्तम तुरे आले. ठरल्याप्रमाणे बहुतेक तुरे लवकर कापले. दोन तुरे मात्र फुलोरा संपेपर्यंत राखले आणि केस सुटण्याआधी कापून, बंद खोलीत वाळवले. त्यांतील फुले तळहातावर चोळून पाहिली तेव्हा बहुतेक पोकळ निघाली, पण काहींत भरलेले दाणे जाणवले. हे दाणे ओल्या कागदावर, उजेडात, झाकण लावून ठेवले. काही आठवड्यांत त्यांतील थोडे उगवले.

संख्या कमी होती, परंतु प्रश्नाचे उत्तर मिळाले. आपल्या बागेतील परागकण देणारी झाडे गेली तरी परागकण बाहेरून येत होते. शोध घेतला असता वाऱ्याच्या दिशेला, बऱ्याच अंतरावरील एका बागेत पंपासचा जुना ठोंब सापडला आणि त्याचे तुरे अरुंद, ताठ होते.

इथे दुसरा मोठा निर्णय आला. तुरे दरवर्षी लवकर कापत राहून दोन्ही माद्या ठेवता आल्या असत्या, आणि मी तो मार्ग अयोग्य ठरवला नसता. पण उगवलेली ती कोवळी रोपे ओल्या कागदावर पाहिल्यानंतर दाम्पत्याने स्वतःच दोन्ही ठोंब काढायचे ठरवले. बाईंचे म्हणणे असे की, जो तुरा पूर्ण फुललेला पाहण्याची मुभा नाही, तो राखण्यापेक्षा मनमोकळेपणाने पाहता येईल असे काहीतरी लावावे. त्यांना ते गवत मनापासून आवडत होते, म्हणून हा निर्णय सोपा नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे.

जागी काय लावावे यावरही बराच विचार झाला, कारण मोठ्या शोभिवंत गवतांपैकी अनेकांना हीच खोड आहे. मिस्कॅन्थस सायनेन्सिस आणि रॅव्हेना गवत ही दोन्ही पंपासला पर्याय म्हणून सुचवली जातात, पण उत्तर अमेरिकेत तीही बागेबाहेर पसरलेली आहेत. आपल्या ओळखीचे कास गवतही मूळ प्रदेशाबाहेर, पनामात, उपद्रवी ठरले आहे. शेवटी सखल, ओलसर कोपऱ्यात 'कार्ल फॉर्स्टर' ही कॅलामॅग्रॉस्टिस या गवताची संकरित जात लावली. ती बी धरत नाही, तुऱ्यासह साधारण दीड मीटर उंच होते आणि जड, ओलसर जमीनही तिला चालते. आडोशाचे काम तिच्याने होत नाही. त्यासाठी कोरड्या भागात जाळीवर वेल चढवला आणि मागे स्थानिक झुडपे लावली. पहिली दोन वर्षे तो भाग उघडा-बोडका दिसला.

वेगळे काय करता आले असते

खरेदीच्या वेळी 'हे रोप बियांपासून केले आहे की ठोंब फोडून?' एवढा एक प्रश्न विचारला असता, तर या प्रकरणाचा बराच भाग टळला असता. नाव असलेल्या जातीची, ठोंब फोडून केलेली मादी रोपेही त्या दूरच्या ठोंबामुळे थोडे बी धरू शकली असती, परंतु शेजारच्या भूखंडावर उगवला तसा दाट पट्टा उगवण्याची शक्यता फार कमी होती. ओढ्याशेजारच्या जागेसाठी मी तेही सुचवले नसते. चोहोबाजूंनी पक्के बांधकाम असलेली, उघडी माती आणि वाहते पाणी यांपासून दूर असलेली बाग असेल, स्थानिक नियम परवानगी देत असतील आणि तुरे वेळेवर कापण्याची तयारी असेल, तर 'पुमिला'सारखी ठेंगणी मादी जात लावण्यास माझी हरकत नसते.

लागवडीचे अंतरही वेगळे हवे होते. पूर्ण वाढलेला ठोंब दीड-दोन मीटर जागा घेतो, त्यामुळे दोन रोपांत निदान दोन मीटर आणि वाटेपासूनही तेवढेच अंतर ठेवले असते तर पात्यांचा त्रास झाला नसता आणि वाळकी पाती काढायला माणूस आत जाऊ शकला असता. सखल कोपरा तर मुळातच या गवताचा नव्हता.

तिसऱ्या वर्षी दिलेले तुरे ही मला सर्वांत हळहळ वाटणारी बाब आहे, कारण त्यामागे निव्वळ आपुलकी होती. ते किती घरांत गेले आणि तिथून त्यांचे काय झाले, याचा माग लागणे शक्य नव्हते. कोणाला तुरा द्यायचाच असेल तर तो कोवळा कापून, घरात वाळवून द्यावा. त्यात बी धरलेले नसते.

माझ्या बाजूने पाहता, दोन माद्या ठेवण्याच्या टप्प्यावर आजूबाजूच्या बागांची पाहणी आधी करणे आणि मग निर्णय घेणे हा क्रमही शक्य होता. त्याने एक हंगाम वाचला असता. तरी ओल्या कागदावरची उगवण पाहून झालेला निर्णय दाम्पत्याचा स्वतःचा ठरला, याचे मोल मला त्या हंगामापेक्षा अधिक वाटते.

सध्याची स्थिती

सेलोआनाचे बी जमिनीत काही महिन्यांपलीकडे सहसा तग धरत नाही, त्यामुळे या बागेतील जुन्या बियांची चिंता आता उरलेली नाही. ठोंब काढल्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात बागेत आणि भूखंडावर एकही नवे रोप सापडले नाही. ओढ्याच्या काठावर मात्र थोडी रोपे पुन्हा दिसली. ती कोठल्या बीची आहेत हे खात्रीने सांगता येत नाही, कारण दूरच्या बागेतील ठोंबासारखी उभयलिंगी झाडेही कधीकधी थोडे बी धरतात आणि आधी लोकांना दिलेले तुरे कुठेही असू शकतात.

त्या दूरच्या बागेच्या मालकांशी दाम्पत्याने स्वतः जाऊन बोलणे केले. ठोंब काढण्याची त्यांची तयारी नाही. तो त्यांच्या आधीच्या पिढीने लावलेला आहे. तुरे बाहेर पडताच कापण्यास मात्र ते राजी झाले आणि पहिल्या वर्षी त्यांनी ते कापलेही. काठाची पाहणी दर वसंतात, पाऊस पडून गेल्यावर, दोन्ही शेजारी कुटुंबे मिळून करतात, आणि ओळख पटलेले रोप त्याच दिवशी मुळासकट काढले जाते.